एकशे सोळा वाव

सोमवार, ३ मार्च

धाकट्या,

आणि वर म्हणतोस, "ताई, समजून घे." काय समजून घेऊ? तीन महिने एकोणीस बोटी बंदरात बांधून पडल्यात, त्यांच्या तळाला शेवाळ धरलं, हे समजून घेऊ? डिसेंबरात तुझ्या ऑफिसचा कागद आला. टेकाडावर कुणी जायचं नाही, खाली ज्वालामुखी फुगतोय, फुटणार आहे. बरं, फुगू दे. डिसेंबर गेला, नाही फुटला. जानेवारी गेला. फेब्रुवारी पण गेला. फुटलं ते आमचं नशीब आणि माझं डोकं.

तू इथेच वाढलास, म्हणून तुला टेकाड काय ते सांगायला नको. तरी सांगते, कारण खुर्चीत बसून माणूस विसरतो. समुद्राच्या पोटातला डोंगर तो. मासा त्याच्या माथ्यावर चरायला येतो, दुसरीकडे कुठे येत नाही. दुसरीकडे जाळं टाकलं तर चिखल येतो आणि नशीब चांगलं असेल तर एक चप्पल. तीही एकाच पायाची.

मी जाळी शिवते. बोटी गेल्या तर जाळी फाटणार, जाळी फाटली तर मला काम. काल शेडमध्ये आम्ही अकरा जणी बसून चांगली धड जाळी उसवत होतो आणि परत शिवत होतो, हात सवयीतून जाऊ नये म्हणून. इंजिनवाल्याची बायको म्हणते, "अगं, भावाला विचार ना, मुहूर्त कधीचा काढलाय?" सगळ्या हसल्या. मीही हसले. आपलेच दात, आपलेच ओठ.

तू बघतोस तरी काय तिथे? भिंतीवरची रेघ. ती वर गेली की आम्ही घरी बसायचं. इथून पाच तासांवर बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या. तुझ्या दाजींनी तीस वर्षं त्या पाण्यावर काढली. त्यांना एकदा तरी विचारलंस?

आणि त्या रेघेपायी तू काय सोडलंस ते मी विसरलेले नाही. आबा गेले त्या दिवशी तुझं जहाज टेकाडावर उभं होतं, पिवळी पिंपं तळाला सोडत. बंदराच्या भिंतीवरून दिसत होतं ते. माणूस पाठवून निरोप दिला. तू आलास तिसऱ्या दिवशी. पिंप आधी, बाप मग. आई नव्हती म्हणून तुला कडेवर घ्यायला मी चौथीतून शाळा सोडली, तेव्हा मला कुणी "समजून घे" म्हणून पत्र लिहिलं नव्हतं.

फोन करू नकोस. घरात फोन एकच आणि तो ह्यांच्या खिशात. तुझा आला की हे तोंड फिरवतात.

आम्ही बायकांनी अर्ज दिलाय, तुझ्या मोठ्या साहेबांच्या नावाने. टेकाड उघडा म्हणून. पहिली सही माझी. हे दुसऱ्याकडून कळायला नको म्हणून सांगतेय, परवानगी मागत नाही.

ताई

*

शनिवार, ८ मार्च

ताईस,

अर्ज पोचला. साहेबांनी तो मीटिंगमध्ये मोठ्याने वाचला. "खुर्चीत बसून समुद्र बघणारे" हे शब्द त्यांना इतके आवडले की दोनदा वाचले. मग पहिली सही कोणाची ते वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. एकवीस वर्षांच्या नोकरीत माझ्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं. पोट भरलं असेल तुझं.

मी काय बघतो ते आता ऐक, कारण पुन्हा सांगणार नाही. पिंपात दाब मोजणारं यंत्र आहे. वरच्या पाण्याचं जेवढं वजन तेवढा दाब. टेकाड आतून वितळलेल्या दगडाने फुगतं, तळ वर येतो, वरचं पाणी कमी होतं, दाब उतरतो. त्यावरून तळ किती उचलला ते बोटाबोटाने कळतं. अकरा वर्षांपूर्वी फुटायच्या आधी टेकाड ज्या खुणेपर्यंत फुगलं होतं, त्याच खुणेपर्यंत ते परत येत होतं. वर्षाला वीतभर, आणि अलीकडे महिन्याला दोन बोटं. म्हणून मी मार्चअखेर ते मे असं लिहिलं. डिसेंबर-जानेवारी मी कधीच म्हटलं नव्हतं. कागद शेवटपर्यंत वाचायचा असतो.

आणि ते फुटलंसुद्धा. बॅटरी वाचवायला पिंप दर सहा तासांनी एकच आकडा पाठवतं. ११ फेब्रुवारीला सकाळी सहाचा आकडा नेहमीचा. दुपारी बाराच्या आकड्यात तळ सव्वादोन मीटर खाली. आतला रस बाहेर पडला की टेकाड असंच बसतं. मागच्या वेळीही जवळपास एवढंच बसलं होतं. तीन आठवडे आकडे तपासून मी सही केली. पुढची दहा वर्षं तरी भीती नाही. १ एप्रिलपासून टेकाड मोकळं, तसा कागद बंदर ऑफिसात येईल. अर्जामुळे उघडलं असं शेडमध्ये सांगायचं असेल तर सांग, मी खोडायला येणार नाही.

आबांचं म्हणशील तर, पिंप तेव्हा पाण्यात अर्धं उतरलेलं होतं आणि जहाज माझ्या मालकीचं नव्हतं. हे मी सहा वर्षांपूर्वीही सांगितलं. तुला ऐकायचं नसतं, तुला नुसतं मोजायचं असतं.

धाकटा

*

बुधवार, १२ मार्च

धाकट्या,

फुटला म्हणे! कुठे? कुणाच्या स्वप्नात?

तुझं पत्र मी शेडमध्ये वाचून दाखवलं. बायकांची हसून हसून सुई हलेना. इंजिनवाल्याची बायको म्हणते, "लग्न लागून तीन आठवडे झाले, आणि भटजी आज अक्षता वाटतोय." वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. तीन महिने आम्हाला "येतोय, येतोय" म्हणून घाबरवलं, आणि आला तेव्हा तुलाच पत्ता नाही!

अरे, अकरा वर्षांपूर्वी फुटला तेव्हा तू इथे नव्हतास, मी होते. पाण्याचा फेस झाला. फेसावर बोट तरंगत नाही, दोन बोटी दगडासारख्या खाली गेल्या. नऊ माणसं. त्यांतल्या दोघांच्या बायका आज माझ्याशेजारी बसून जाळी शिवतात. महिनाभर बंदरात तरंगते दगड येत होते, भाजलेल्या पावासारखे भोकाभोकाचे. लाटेवर येऊन धक्क्याला खडखड वाजायचे. मेलेल्या माशांचा खच, आणि वास असा की भांड्यात ठेवलेलं पाणी पिववेना.

या वेळी एक दगड आला नाही. एक मासा उलटा झाला नाही. आणि ११ फेब्रुवारीला तर टेकाडावर पाणी कसं, आरशासारखं! पक्षी पाण्यावर बसून होते, उठवले तरी उठेनात. हा तुझा ज्वालामुखी फुटला म्हणे. असा तर आमच्या घरातला कुकरसुद्धा फुटत नाही.

पण मला काय त्याचं? टेकाड उघडलं, झालं. हे रोज धक्क्यावर असतात. शेवाळ खरवडून झालं, आता रंग देतायत. मी पण मोठं जाळं काढलंय. तू तुझी रेघ बघ, आम्ही आमचा मासा बघतो.

ताई

*

शनिवार, १५ मार्च

ताईस,

एकच प्रश्न आहे.

टेकाड बंदरापासून नऊ मैल. बंदरातून तिथले पक्षी दिसत नाहीत. फेब्रुवारीत बंदी होती. ११ तारखेला टेकाडावर पक्षी पाण्यावर बसलेले कोणी बघितले?

धाकटा

*

मंगळवार, १८ मार्च

धाकट्या,

वाऱ्याने येऊन सांगितलं. झालं समाधान?

तू पोलिसात कधी लागलास? स्वतःचा ज्वालामुखी सापडत नाही म्हणून आता बहिणीच्या घरात चोर शोधायला निघालास! तुला काय पाहिजे ते मला पक्कं कळतं. अर्जाचा राग आहे तुला. साहेबांनी चारचौघांत बघितलं म्हणून आता दाजींचं लायसन काढून घ्यायचंय. घे. तेवढंच राहिलंय या घरातलं.

गेले असतील एखाद दिवस. माणूस किती दिवस भिंतीकडे तोंड करून बसेल? तुझ्यासारखी पगाराची खुर्ची नाही त्यांच्याकडे. आणि गेले तर गेले, बिघडवलं काय कुणाचं? ह्यांनी आयुष्यात दुसऱ्याच्या वस्तूला हात लावला नाही, आणि लागलाच तर जिथल्या तिथे ठेवतात. तुझ्या ऑफिसच्या मालाला साधा ओरखडासुद्धा नाही. जा, बघून ये.

आता या विषयावर मला पत्र पाठवू नकोस.

ताई

*

शुक्रवार, २१ मार्च

ताईस,

पाठवतोय. फाडायचं असेल तर वाचून फाड.

"जिथल्या तिथे ठेवतात." काय ठेवलं? पिंप ना? दाजींच्या जाळ्यात पिंप आलं आणि त्यांनी ते परत सोडलं. सकाळी सहा ते दुपारी बाराच्या मध्ये. मला मधलं काही दिसलं नाही, कारण मधे आकडाच नसतो.

ताई, पिंप सव्वादोन मीटर जास्त खोल जागी जाऊन बसलं असेल तर टेकाड बसलंच नाही. म्हणजे ते फुटलेलं नाही. ११ फेब्रुवारीनंतरही रेघ महिन्याला दोन बोटं वर चढते आहे. मी म्हटलं, रिकामं झालं, आता पुन्हा भरतंय. ते रिकामं झालंच नसेल तर आज ते जुन्या खुणेला जवळजवळ टेकलंय. तिथे एक तारखेला एकोणीस बोटी जाणार.

दगड आले नाहीत हे मलाही खटकलं होतं. पण पिंपं तीन सोडली होती, त्यातल्या दोनांच्या बॅटऱ्या डिसेंबरच्या आधीच गेल्या. पाण्यातले आवाज ऐकणारं यंत्र जानेवारीपासून बंद. एकच पिंप बोलत होतं, मी त्याचं ऐकलं. जहाज पाठवून बघून येऊ म्हटलं, तर साहेब म्हणाले जहाज जूनमध्ये, आणि अर्ज तर टेबलावर आहे. मी सही केली. ती सही माझी आहे, तुमच्या अर्जावर ढकलत नाही. पण अर्जाचा धक्का नव्हता असंही म्हणणार नाही.

काल साहेबांकडे गेलो. म्हणाले, "बहिणीच्या पत्रातल्या अर्ध्या वाक्यावर आदेश फिरवू? तीच ना ती, अर्जवाली?" ज्याने पिंप उचललं त्याचं लेखी पाहिजे म्हणतात. दिवस, वेळ, खोली. बंदर ऑफिसला फोन केला. तिथला माणूस हसला. म्हणाला, "साहेब, उघडायचा कागद तुमचाच आला ना?" दाजींना तीनदा फोन केला. वाजतो, उचलत नाहीत.

लायसन जाईल. जाईलच, मी खोटं सांगणार नाही. तरी लिहून घे.

एवढंच कळत नाही. दोनशे मीटरच्या वर खोली, उतरता डोंगर. कसंही फेकलं असतं तर पिंप चाळीस-पन्नास मीटर वरखाली गेलं असतं. आकडा बघताच मला कळलं असतं की कुणीतरी हलवलंय. नेमकं सव्वादोन मीटर? नेमकं फुटल्यावर बसतं तेवढंच? हे कसं झालं ते मला पाहिजे.

धाकटा

*

मंगळवार, २५ मार्च

धाकट्या,

कसं झालं ते सांगते. तुझ्या दाजींच्या चांगुलपणाने झालं. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं.

अकरा तारखेला हे गेले होते. चार खलाशी घेऊन, सूर्य उगवायच्या आधी, दिवे न लावता. मला माहीत होतं. डबा मीच भरून दिला. आठच्या सुमाराला जाळं जड लागलं, वर ओढलं तर आत पिवळं पिंप. चौघे खलाशी म्हणाले, द्या फेकून आणि पळा. हे म्हणाले नाही, सरकारी वस्तू आहे, मेव्हण्याची आहे, होती तिथेच ठेवायची. दीड तास घातला त्यात. बोट गोल गोल फिरवून खोलीचं यंत्र बघत राहिले. जाळं टाकलं तेव्हा यंत्र एकशे सोळा वाव दाखवत होतं. परत बरोब्बर एकशे सोळा वाव आल्यावर दोरी लावून पिंप हलक्या हाताने खाली सोडलं. घरी येऊन मला कौतुकाने सांगितलं, "अंडं ठेवावं तसं ठेवलं." मी पण म्हटलं, बरं केलंत.

आता हे यंत्र पूर्ण वावच दाखवतं, पाव-अर्धा वाव दाखवत नाही, आणि जुनं आहे. वावभर इकडे, वावभर तिकडे, आमच्यात कुणी फरक धरत नाही. दोन हात पसरल्याएवढं अंतर, माशाला काय त्याचं? तुझं पत्र वाचून दाखवलं तर हे एकाएकी उभे राहिले. "मी काय चोर आहे? एकशे सोळा वाव म्हणजे एकशे सोळा वाव!"

मी म्हटलं, "तो सव्वादोन मीटर म्हणतो. म्हणजे सव्वा वाव."

"सव्वा वावाने काय डोंगर फुटतो?"

"डोंगर नाही फुटत. तो फुटलाय असं ऑफिसवाल्यांना वाटलं."

"मग त्यांची चूक. माझी कशी?"

"दोघांची. आणि माझी. मी अर्ज दिला. आता लिहून द्या."

नाही म्हणाले. चार खलाशांचीही पोटं आहेत म्हणाले. ते खरं आहे. मग म्हणाले, "लायसन गेलं की मी कोण राहिलो?" मी म्हटलं, "जिवंत माणूस."

हे प्रत्येक जाळ्याची नोंद करतात. तारीख, वेळ, किती वाव, काय आलं. अकरा फेब्रुवारीचं पान आहे. "७.५० ला ११६ वाव. पिंप आलं. ९.२० ला ११६ वाव. पिंप ठेवलं." अक्षर त्यांचंच. ते पान मी फाडलं. चोरून नाही, त्यांच्या डोळ्यांसमोर फाडलं. त्यांनी हात धरला नाही. अंथरूण उचललं आणि बोटीवर राहायला गेले. आज दोन दिवस झाले. डबा नेऊन ठेवला तर तसाच परत आला.

शेडमध्ये सांगितलं. वाटलं होतं, ज्यांचे नवरे त्या नऊ माणसांत गेले त्या दोघींना तरी पटेल. त्यांना पटलं, पण त्यांच्या घरात आता बोटीवर जायला उरलंय कोण? बाकीच्या अंगावर आल्या. इंजिनवाल्याची बायको म्हणाली, "उघडा म्हणून पहिली सही तुझी, आणि आता बंद करा म्हणून पहिली बोंबही तुझीच? भाऊबहीण मिळून ठरवा एकदा काय ते." माझी बसायची जागा दिली दुसरीला. बंदर ऑफिसात गेले, तिथल्या माणसाने पान उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "बाई, याच्यावर शिक्का कुठाय?" त्याच्या मागे भिंतीवर तुझ्या सहीचा कागद लावलेला. टेकाड मोकळं. ठळक अक्षरात.

तेव्हा ऐक. मी माफी मागत नाही आणि तुझीही नको. तुझ्या तीन पिंपांतली दोन मेली होती हे आम्हाला डिसेंबरात का नाही सांगितलंस? एका पिंपाच्या भरवशावर एकोणीस बोटी बांधल्यास, आणि त्याच एका पिंपाच्या भरवशावर सोडल्यास. आम्हाला माहीत असतं तर हे घरी येऊन कौतुकाने नसते सांगत बसले, धावत तुझ्याकडे आले असते. कागद शेवटपर्यंत वाचायचा म्हणतोस. कागदात ते लिहिलेलंच नव्हतं, मी शेवटपर्यंत वाचला.

पान सोबत पाठवतेय. खाली माझी सही आहे, हे पान मी माझ्या नवऱ्याच्या वहीतून काढलं म्हणून. साहेबांना म्हणावं तीच ती, अर्जवाली. दिवस आहे, वेळ आहे, खोली आहे. लेखी मागितलं होतं ना, हे घ्या.

पुढच्या मंगळवारी, एक तारखेला, पहिल्या भरतीला एकोणीस बोटी सुटतील. त्यातली तिसरी आमची, तिला नवा रंग दिलाय. टपालाची लाँच इथे रविवारी दुपारी लागते, त्यानंतर थेट बुधवारी. बुधवारचं मला काही उपयोगाचं नाही.

रविवारी, ३० तारखेला, त्या लाँचमध्ये मला दोनपैकी एक पाहिजे. एक तर टेकाड बंद केल्याचा कागद, तुमच्या शिक्क्याचा, भिंतीवर लावता येईल असा. नाहीतर तुझ्या हाताने लिहिलेलं आणि साहेबांच्या सहीचं, की हे पान आम्ही वाचलं, आम्हाला सगळं समजलं, आणि तरीही आम्ही बोटी सोडतोय. तेही मी भिंतीवर लावीन. तिसरं काही पाठवू नकोस. रविवार, दुपारी. मी धक्क्यावर उभी असेन.

ताई